कॉटखालची दिवाळी

दिवाळीच्या आधीच्या रविवारी जळमटं निघतात, सोफा या भिंतीकडून त्या भिंतीला जातो, फरशी लखलखते आणि घरातलं मांजर तोंड पाडून बसतं. धावपळीला आणि आवाजाला कंटाळलं असेल, असं आपण म्हणतो. तेही असतंच, पण मोठं दुखणं फिनाइलचं असतं. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि कपाळाशी गंधग्रंथी असतात. दाराची कड, टेबलाचा पाय, आपली पोटरी यांवर ते गाल घासतं तेव्हा लाड करून घेत असतं हे अर्धंच खरं. त्याच वेळी ते तिथे स्वतःच्या वासाची खूण ठेवत असतं. अशा खुणा जागोजागी असल्या की घर त्याला आपलं वाटतं. वर्षभर राखलेल्या या खुणा आपण धनत्रयोदशीच्या आत पोछ्यानं पुसून टाकतो. म्हणून मांजर असलेल्या घरात सफाई एका दमात करू नये, खोली-खोलीनं करावी. त्याची गोधडी तर दिवाळी उलटल्यावरच धुवावी. पाहुण्यांच्या नजरेला पडली नाही म्हणजे झालं.

सणाच्या सुट्टीचा मूळ घोळच हा आहे. आपल्याला सुट्टी म्हणजे रोजच्यातून सुटका: उशिरा उठायचं, अवेळी जेवायचं, रात्री दोनपर्यंत पत्ते कुटायचे. जनावराला नेमकं रोजचंच हवं असतं. ठरल्या वेळी वाटी, ठरल्या वेळी फेरी, दुपारी खिडकीतलं ऊन. त्याच्या लेखी दिवाळी म्हणजे सगळ्या घरानं मिळून चार-पाच दिवस नियम मोडणं. नरक चतुर्दशीला तर आपण पहाटे चारला उठतो आणि तेल-उटणं लावून असे काही घमघमतो, की नाकानं माणूस ओळखणाऱ्या कुत्र्यानं दोनदा हुंगून खात्री करून घेतली तर त्याला दोष देता येत नाही.

त्यात फटाके. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास आणि मांजराला ६०,००० च्याही पुढे. आपल्याकडच्या नियमानुसार फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा माणसाच्या कानाला पुष्कळ आहे, मग त्यांच्या कानांचं काय होत असेल! पण मोठ्या आवाजापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे तो कधी आणि कुठून येणार याचा त्यांना पत्ता नसतो. पावसाळी गडगडाटाआधी निदान हवा बदलते, वारा सुटतो. सुतळी बॉम्बच्या आधी काहीच होत नाही. मग कुत्रा धापा टाकतो, थरथरतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, जांभया देतो (ही जांभई झोपेची नव्हे, ताणाची), आणि शेवटी कॉटखाली शिरतो. मांजर तर आधीच तिथे पोचलेलं असतं.

या वेळी हटकून कुणीतरी सल्ला देतं: जवळ घेऊ नका, लाडावेल, मग दरवर्षी घाबरेल. हा सल्ला चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, शिकवलेली करामत नव्हे. पाठीवरून हात फिरवल्यानं ती वाढत नाही. जनावर जवळ आलं तर घ्यावं, कॉटखालीच बरं वाटत असेल तर तिथेच राहू द्यावं, ओढून बाहेर काढू नये. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू, तिन्हीसांजेच्या आत फेरी उरकलेली आणि गळपट्ट्यावर आपला फोन नंबर, एवढं करता येतं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण घाबरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे पळतो आणि मग घरचा रस्ताही विसरतो. शेजाऱ्यांकडची उरलेली झोपेची गोळी मात्र देऊ नये. असेप्रोमाझिनसारख्या औषधानं जनावर हलायचं थांबतं, भीती तशीच राहू शकते; बाहेरून शांत दिसतं इतकंच. नेमकी भीती कमी करणारी औषधंही आता आहेत. पण ती जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून द्यायची असतात, आणि त्यासाठी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे, आठवडाभर आधी जावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत फटाके वाजवायला रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती. जनावरवाल्या घरांसाठी मला डेसिबलच्या आकड्याहून ही वेळच जास्त मोलाची वाटते. कधी वाजणार हे कळलं तर फेरी, जेवण, पडदे सगळं आधी आटोपता येतं. ती वेळ ज्या गल्लीत पाळली गेली, त्या गल्लीत भाड्यानं घर मिळत असेल तर अवश्य कळवावं.

आता फराळ. ताटात सर्वांत निरुपद्रवी दिसतो तो चिवडा, आणि जनावरांच्या दृष्टीनं तोच सर्वांत संशयास्पद. त्यात तळलेला कांदा असतो, लसूण असतो. दोन्हींनी कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्यात बेदाणे असतात. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे का होतं याचं कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. अलीकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यांचं लक्ष टार्टारिक आम्लाकडे गेलं, कारण ते भरपूर असलेली चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही तसाच त्रास झालेला आढळला. म्हणजे आमटीतल्या चिंचेचा कोळही कुत्र्यापासून लांबच बरा. बेसनाच्या लाडवात विष नाही, पण तुपाचा मारा स्वादुपिंडाला झेपत नाही. चॉकलेटचे खोके हल्ली भाऊबिजेला येतात, त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं. ‘शुगर-फ्री’ मिठाईत झायलिटॉल असलं तर गोष्ट आणखी गंभीर. ‘आमच्या गावचा कुत्रा सगळं खायचा, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्या आजोबांशी वाद घालू नये. त्या कुत्र्याची मूत्रपिंडं कुणी तपासली नव्हती, एवढं मनात म्हणावं.

तसा हा सण जनावरांना विसरलेला नाही. दिवाळीची सुरुवातच वसुबारसेला, गाय-वासरापासून होते. त्या दिवशी बायका गहू-मूग वर्ज्य करतात आणि बाजरीची भाकरी, गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपवास सोडतात. कोल्हापुरात पाडव्याच्या सुमाराला गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, त्यांना सजवतात आणि मोटारसायकलींमागे पळवतात. नेपाळमध्ये आपल्या नरक चतुर्दशीच्याच दिवशी कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात झेंडूचा हार घालून खाऊ घालतात. मांजराच्या वाट्याला असा दिवस आलेला दिसत नाही. षष्ठीदेवीचं वाहन हा हुद्दा आहे, पण त्याला बोनस नाही.

बोनस मांजर स्वतःच वसूल करतं. मुलांनी अंगणात किल्ला केला, मऊ माती पसरली, मोहरी पेरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मावळे आडवे आणि बुरुजावर मांजर. यात वैर काही नाही. विष्ठा भुसभुशीत मातीत पुरायची ही त्याच्या जातीची ओढ आहे, आणि आपण त्याला तटबंदीसह शौचालय बांधून दिलेलं असतं. किल्ल्यामागे वाळूचा एक ट्रे ठेवला तर स्वराज्य बहुधा वाचतं.

फराळाचं कुरियर आलं की खोकं फेकून देऊ नये. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्या आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली, काहींना दिली नाहीत. ज्यांना मिळाली ती लवकर स्थिरावली, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना असं एक खोकं कपाटाच्या वर ठेवावं. दुपारी सगळे पेंगले की मांजर खाली येतं आणि आपण उघडलेल्या दिवाळी अंकाच्या बरोबर मध्यावर बसतं. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून हे चालू असावं. त्याला उठवू नये. त्याच्याकडे बघत पापण्या हळूच मिटाव्यात, हळूच उघडाव्यात. मांजरं बरेचदा तशाच मिटून उत्तर देतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. कुत्र्याला सुट्टीत द्यायची गोष्ट याहून सोपी: एक फेरी अशी, की जिच्यात आपण ओढायचं नाही. तो एका खांबाशी पाच मिनिटं हुंगत उभा राहिला तर आपणही उभं राहायचं. एरवी ऑफिसच्या घाईत ते जमत नाही.

गावाला जायचं असेल तर कुत्र्याला बरोबर न्यावं किंवा ओळखीच्या माणसाकडे ठेवावं; चांगली बोर्डिंग्ज दसऱ्यालाच भरतात. मांजराला घरच प्रिय, त्याला शक्यतो हलवू नये. शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी, वाटी-वाळूची वेळ कागदावर लिहून द्यावी, आणि सोबत फराळाचा डबा द्यावा. डबा काकूंसाठी आहे, हे कागदावर वेगळं लिहावं.