हरवले किती? विचारा जड रेणूला!



बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगरला गळिताचा हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी. वजाबाकी केली, की उसाचे वजन मिळाले!

पण रक्ताच्या थेंबातील पामिटिक अम्ल मोजायचे असेल तर? तुपातही असणारे हे एक वसाम्ल आहे. ते रक्तातून वेगळे काढताना, या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना, थोडेथोडे वाया जाते. किती गेले, हे कसे कळावे?

एक गंमत करून पाहा. पातेल्यात न मोजता हरभरे घ्या. त्यांत शाईने रंगवलेले ५० हरभरे मिसळून चांगले ढवळा. आता थोडे सांडले तरी चिंता नको. साधे आणि रंगीत सारख्याच प्रमाणात सांडतील. दोन मुठी उचलून मोजा. समजा, ६० साधे व १० रंगीत निघाले. एका रंगीतामागे सहा साधे. म्हणजे सुरुवातीला साधे हरभरे सुमारे ३०० होते!

रसायनशास्त्रज्ञांचा 'रंग' म्हणजे कार्बनचा जड समस्थानिक, कार्बन-१३. त्याच्या अणुकेंद्रात नेहमीच्या कार्बनपेक्षा एक न्यूट्रॉन जास्त असतो. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच, आणि तो किरणोत्सर्गीही नाही. पामिटिक अम्लाच्या साध्या रेणूचा भार २५६; त्यातील सोळाही कार्बन जड असले तर २७२. द्रव्यमान वर्णपटमापक हे यंत्र दोघांना वेगळे ओळखते. थेंबात अगदी सुरुवातीला १ मायक्रोग्रॅम जड अम्ल मिसळले आणि शेवटी साधे त्याच्या तिप्पट दिसले, तर मुळात ते सुमारे ३ मायक्रोग्रॅम होते.

एकच कार्बन जड का घेत नाहीत? निसर्गात शंभरातला साधारण एक कार्बन अणू जड असतोच. मग आपला रेणू कोणता नि मुळातला कोणता, हा घोटाळा होईल!

रिटनबर्ग व फॉस्टर यांनी १९४० साली अमिनो अम्ले आणि वसाम्ले मोजण्यासाठी ही 'समस्थानिक विरलन' पद्धत मांडली. काही बाळांच्या शरीराला जन्मतःच वसाम्लांपासून ऊर्जा मिळवता येत नाही. नुसता उपासही त्यांच्या जिवावर बेतू शकतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात वसाम्लांची काही संयुगे मोजून हा दोष ओळखतात. तिथेही तोलाला असतात खूण केलेले जड रेणूच. वेळीच कळले, तर बाळाला उपाशी न ठेवण्याची काळजी घेता येते.

काटा उसाचा असो वा रेणूंचा, माप खरे हवे!