लेक अमेरिकेत, आई गावात : भेटीच्या व्हिसाची गोष्ट

हल्ली गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचा हिशोब संपला की एखादी मावशी हळूच फोन पुढे करते. "हे लेकीनं काय पाठवलंय, बघ गं." बघावं तर अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म. तालुक्याच्या कॉलेजातून पुण्याला आणि पुण्याहून तिकडं गेलेली मुलं आता आपल्याही गावांत आहेत. मुलगी बाळंत होणार असते, नाहीतर मुलानं नवं घर घेतलेलं असतं, आणि आईनं एकदा येऊन बघावं असं त्यांना वाटतं. पण मुलगी तिथं बसून सगळं करू शकत नाही. निम्मं काम आईला इथंच करावं लागतं, आणि तेव्हा तिच्याजवळ सून असते, शेजारीण असते, गटातली शिकलेली पोर असते. म्हणून आजचं बोलणं मावशीसाठी आहे, तसंच तिला मदत करणारीसाठीही आहे.

आधी पासपोर्ट. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे शहर गाठावंच लागतं असं नाही. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट मिळते. बायकांचं घोडं अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी वेगळं स्पेलिंग. कुठं 'बाई' लागलेलं, कुठं गळलेलं. जन्मतारखेचंही तेच. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. ती तारीख खरी की खोटी यात आता शिरू नका, पण सगळ्या कागदांवर एकच असू द्या. पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. त्यात महिना गेला तरी चालेल. पुढं व्हिसाच्या फॉर्मवर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर लिहावं लागतं.

जन्माचा दाखला नाही म्हणून घाबरू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांनाच तो सक्तीचा आहे. आणि "दहावी पास नाही, म्हणजे पासपोर्टवर शिक्का पडणार, मग जाता येणार नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो नियम ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, लेकीला भेटायला जाणाऱ्या आईसाठी नाही.

आता व्हिसाचा फॉर्म. याला डीएस-१६० म्हणतात, तो इंटरनेटवर भरायचा असतो आणि इंग्रजीत असतो. लेकीनं तिकडून भरून दिला तर चालतं. पण फॉर्ममध्येच एक प्रश्न असतो की हा भरायला कुणी मदत केली का. तिथं 'हो' म्हणायचं आणि मदत करणारीचं नाव लिहायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेवटचं सही करून पाठवण्याचं बटण मात्र आईनं स्वतः दाबायचं असतं. म्हणून मी म्हणते, त्याआधी सगळा फॉर्म मावशीला मराठीत वाचून दाखवा. तिथं कोण कोण नातेवाईक आहेत, ते कुठल्या व्हिसावर आहेत, पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का, गेल्या पाच वर्षांत फेसबुकसारखं काही वापरलं का, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. मुलाखतीत साहेबाच्या समोर तोच फॉर्म उघडा असतो. लेकीनं एक लिहिलं आणि आईनं दुसरं सांगितलं, तर दोघी खऱ्या असूनही खोट्या दिसतात.

फी १८५ डॉलर आहे, म्हणजे पंधरा हजारांच्या वरच. भरण्याच्या दिवशी सरकारी वेबसाइटवरची रक्कम बघून घ्या. व्हिसा मिळो न मिळो, हे पैसे परत येत नाहीत. म्हणून यासाठी गटातून कर्ज काढायच्या मी विरोधात आहे. गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला लागतो. बोलावणारी लेक कमावती आहे, फी तिला भरू द्या.

आणि एजंट. फॉर्म भरून द्यायचे वाजवी पैसे कुणी घेतले तर तो त्याचा धंदा आहे. पण "व्हिसाची गॅरंटी" देणारा माणूस दिसला की तिथूनच मागं फिरा. गॅरंटी द्यायची ताकद कुणाकडेच नसते. तारीख लवकर मिळवून देतो म्हणणाऱ्यांचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या दूतावासानं संगणकाच्या चलाखीनं मिळवलेल्या सुमारे दोन हजार तारखा भारतात एका फटक्यात रद्द केल्या. काही एजंट चार दिवसांसाठी खात्यात पैसे टाकून फुगवलेलं पासबुक बनवून देतात. मैत्रिणींनो, खोटा कागद सापडला तर नुसता नकार मिळत नाही, तिथं कायमची बंदी येऊ शकते. चार लाख शिल्लक दाखवण्यापेक्षा खरी चाळीस हजार दाखवलेली कधीही बरी.

मुंबईत दोन ठिकाणी जावं लागतं. आधी एका केंद्रात फोटो आणि दहाही बोटांचे ठसे होतात, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावासात मुलाखत. रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांनी आठवडाभर आधीपासून रात्री हातांना तेल चोळावं. दूतावासात मोबाइल नेता येत नाही आणि तो ठेवायला तिथं जागाही नसते. म्हणून सोबत माणूस हवाच, पण तो बाहेर थांबेल. वय झालं म्हणून मुलाखतीतून सूट मिळेल असंही धरून चालू नका.

मुलाखत म्हणजे काचेच्या खिडकीपुढं उभं राहून दोन-चार मिनिटांचं बोलणं. मुंबईत ते मराठीत करता येतं. इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून जाणाऱ्या बायका पाचव्या प्रश्नाला गडबडतात. आपण आपल्या भाषेत बोलावं.

इथं कायदा समजून घ्यायला हवा, कारण सगळं त्यावरच ठरतं. त्यांच्या कायद्यातलं २१४ (बी) हे कलम असं धरून चालतं की अर्ज करणारा प्रत्येक जण तिथं कायमचं राहायलाच निघालाय. तसं नाही, मी परत येणार आहे, हे आपण पटवायचं असतं. म्हणून लेकीचं निमंत्रणपत्र, जावयाच्या पगाराच्या पावत्या जवळ असाव्यात, पण निर्णय त्यावर होत नाही. निर्णय होतो आईच्या इथल्या संसारावर. इथं काय आहे तुमचं? सातबाऱ्यावर नाव आहे? घर आहे? नवरा, दुसरी मुलं, सासूबाई आहेत? बचत गटात किती वर्षं आहात? आमच्या एका मावशींना असं वाटायचं की आपल्याकडं दाखवण्यासारखं काही नाहीच. बसून मोजलं तर दोन म्हशी, दीड एकर, गटाचं सचिवपद आणि दिवाळीनंतर धाकट्याचं लग्न निघालं. हेच सांगायचं असतं. मात्र कागद मागितल्याशिवाय पुढं सरकवू नका, बहुतेकदा ते बघतही नाहीत.

"कशाला जाताय?" हा प्रश्न नक्की येतो. बऱ्याच मावश्या सरळ म्हणतात, "बाळ सांभाळायला." आपल्या मनात ते नातवाला मांडीवर घेणं असतं. खिडकीपलीकडच्याला ते दाईचं काम वाटू शकतं, आणि या व्हिसावर काम करायला मनाई आहे. लेकीला आणि नातवाला भेटायला जातेय, इतके दिवस राहणार, अमुक महिन्यात परत येणार, असं सांगावं. पण ते खरं असलं पाहिजे. दोघं नोकरीला जातात आणि दाई परवडत नाही म्हणून आईला नेत असतील, तर त्यासाठी हा व्हिसा नाही, हे लेकीलाही कुणीतरी सांगायला हवं. आईच्या तब्येतीचा विचार तर वेगळाच.

मिळाला नाही तर खिडकीवरच कागद देतात. त्याला अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पुन्हा फी भरून. पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर पुढच्याच महिन्यात पंधरा हजार घालवू नका.

मिळाला तर बहुधा दहा वर्षांचा मिळतो. याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. तिथं विमानतळावरचा अधिकारी तारीख ठरवतो, साधारण सहा महिन्यांची. त्या तारखेपुढं एक दिवसही राहू नये, नाहीतर तो दहा वर्षांचा व्हिसा तिथंच संपतो.

निघण्याआधी आरोग्य विमा काढा. व्हिसाला तो सक्तीचा नाही, पण तिथल्या दवाखान्याचं बिल ऐकूनच माणूस आजारी पडेल. बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याचा खर्च विम्यात धरलाय का, हे लेकीला नीट वाचायला सांगा. गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या. आणखी एक, जरा नाजूक. "एवढ्या लांब जाताय, त्याआधी जमिनीच्या कागदावर सही करून जा" असं घरात कुणी म्हणालं, तर परत आल्यावर बघू म्हणा.

इंग्रजी येत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा. पैसे पडत नाहीत, आणि ढकलणारा माणूस थेट दारापर्यंत पोहोचवतो. लेकीचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोन बंद पडला तर उपयोगी येतो. पिशवीत ताजी फळं, भाज्या, बियाणं, मटण-मासळी नको. परसातला कढीपत्ताही नको, तो तिथं काढून घेतात. बरोबर खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर आहे म्हणून सांगायचं. नेता न येणारं असलं तर ठेवून घेतील, पण लपवलेलं सापडलं तर दंड होतो.