हलिद्दि आणि कर्क्युमिन

विनयपिटकातील महावग्गाचा सहावा खंधक 'भेसज्जक्खंधक' या नावाने ओळखला जातो. सावत्थी येथे आजारी भिक्खूंना मुळांच्या औषधींची आवश्यकता भासली, तेव्हा तथागतांनी हलिद्दि, सिंगिवेर, वच, वचत्थ, अतिविस, कटुकरोहिणी, उसीर आणि भद्दमुत्तक यांना अनुमती दिली, असे तेथे नमूद आहे. हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा व नागरमोथा या परिचित वनस्पती या यादीत सहज ओळखता येतात.

या उल्लेखावरून 'विज्ञान आज सांगते ते आपल्या ग्रंथांत पूर्वीच होते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे हळदीच्या उदाहरणावरून तपासणे इष्ट ठरेल.

हळदीतील पिवळे द्रव्य व्होगेल आणि पेलेटिए यांनी १८१५ साली वेगळे केले. हेच कर्क्युमिन. त्याची रासायनिक रचना १९१० साली निश्चित झाली. प्रयोगशाळेत ते दाहशामक गुण दाखविते. परंतु मनुष्याच्या आतड्यातून ते अत्यल्प शोषले जाते, आणि शोषलेल्या अंशाचेही शरीरात त्वरित रूपांतर होते. मिरीतील पायपरिन सोबत दिल्यास रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. भेसज्जक्खंधकातील फळांच्या यादीत मरिच आणि पिप्पलीही आहेत. मात्र त्या हळदीबरोबर घ्याव्यात असे तेथे म्हटलेले नाही. शिवाय रक्तात पोहोचणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. शंभराहून अधिक मानवी चाचण्यांनंतरही कर्क्युमिनचा निर्णायक गुण सिद्ध झालेला नाही, असे मत २०१७ साली एका विस्तृत समीक्षेत नोंदविले गेले. उलट, हळदीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत.

मग प्राचीन उल्लेखाचे मूल्य कोणते? ते साक्षीचे आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील लेखी पुरावे सादर केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले. हा उपयोग लोकांना पूर्वीपासून ज्ञात होता, एवढे त्या लेखी पुराव्याने सिद्ध केले. तो किती गुणकारी आहे, हे ठरविणे प्रयोगाचे काम आहे. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, ही केसपुत्तच्या कालामांना दिलेली शिकवण पिटकालाही लागू पडते.

भेसज्जक्खंधकातील त्याच अनुमतीचा उत्तरार्ध मात्र फारसा उद्धृत केला जात नाही. ही मुळे भिक्खूने आयुष्यभर जवळ बाळगावीत, परंतु कारण असेल तरच सेवन करावीत. कारणाविना सेवन केल्यास 'दुक्कट' आपत्ती होते. निरोगी माणसाने जाहिरात वाचून रोज अर्काची गोळी घ्यावी काय, या आजच्या प्रश्नाचा विचार करताना आठ मुळांच्या यादीपेक्षा हा नियम अधिक उपयोगी आहे.