वाळूत सूर मारणारा चॅम्पियन: डॉ. सॅमी ली

बुधवारचं पाणी

सॅमी ली यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. आईवडील कोरियातून अमेरिकेत आलेले. लॉस एंजेलिसमध्ये 1932चं ऑलिंपिक भरलं, तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. आपणही एक दिवस ऑलिंपिक जिंकायचं, हे तेव्हाच त्यानं मनाशी पक्कं केलं.

पण सूर मारण्याचा सराव कुठे करणार? पॅसाडीनाच्या ब्रुकसाइड जलतरण तलावात गोरे नसलेल्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे, बुधवारी. त्यानंतर तलाव रिकामा करून ताजं पाणी भरलं जाई, असं ली सांगत. हे वाचलं की आजही चीड येते.

वाळूचा खड्डा

उरलेल्या दिवसांसाठी प्रशिक्षक जिम रायन यांनी खड्डा खणून त्यात वाळू भरली. सॅमी फळीवरून उसळायचा, हवेत कोलांटी घ्यायचा आणि वाळूत पायांवर उतरायचा. पाणी अंग झेलतं, वाळू झेलत नाही. त्यामुळे कोलांटी वेळेत पुरी करून पाय खाली आणावेच लागतात. उंची पाच फुटांहून थोडीच जास्त, पण पायांत विलक्षण ताकद आली. माझ्या मते त्यांची खरी शाळा हीच.

डॉक्टरकी आणि सुवर्ण

महायुद्धामुळे 1940 आणि 1944ची ऑलिंपिक झालीच नाहीत. वडिलांना मुलगा डॉक्टर झालेला हवा होता; 1947मध्ये सॅमी डॉक्टर झाले, पुढे कानाचे तज्ज्ञ. 1948ला लंडनमध्ये त्यांनी 10 मीटर प्लॅटफॉर्मचं सुवर्ण आणि 3 मीटर स्प्रिंगबोर्डचं कांस्य जिंकलं. दहा मीटरवरून सूर मारणारा पाण्यात शिरतो तो ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगानं. हात जरा वाकडे पडले तरी पाणी सपकन लागतं. 1952ला हेलसिंकीत, बरोबर बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी प्लॅटफॉर्मचं सुवर्ण राखलं. अशी लागोपाठ दोन सुवर्णं मिळवणारे ते पहिले पुरुष.

घर मिळेना

दोन सुवर्णपदकं, लष्करात डॉक्टर म्हणून कोरियात सेवा. तरीही 1955मध्ये गार्डन ग्रोव्हला घर घ्यायला गेले, तर आशियाई म्हणून नकार मिळाला. बातमी देशभर गाजली, तेव्हा कुठे घर मिळालं.

शिष्य

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बॉब वेबस्टरनं 1960 आणि 1964ला प्लॅटफॉर्मचं सुवर्ण जिंकलं. पुढे ग्रेग लुगानिस नावाचा पोरगा त्यांच्याकडे आला. ली यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तयार केलं, आणि 1976ला माँट्रियलमध्ये सोळाव्या वर्षी त्यानं रौप्यपदक मिळवलं.