फॅमिली की पोरं?

निमगाव केतकीत भाड्याने खोली विचारायला गेलं की मालक आकडा सांगण्याआधी विचारतो, ‘फॅमिली की पोरं?’ फॅमिली असेल तर बोलणं पुढे सरकतं. पोरं म्हटलं की मालक आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो, आतून काही इशारा येतो का याचा अंदाज घेतो आणि मग विचारतो, ‘किती जण?’ या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा कुणी देत नाही. दोन सांगायचे आणि चार राहायचे, ही जुनी रीत आहे. मालकालाही ती ठाऊक असते आणि तोही चौघांचंच भाडं लावून बसलेला असतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव पानमळ्यांसाठी ओळखलं जातं. विड्याच्या पानांचा व्यापार, सराफी दुकानं, बँका, शाळा, दवाखाने, कृषी सेवा केंद्रं असा सगळा पसारा असल्यामुळे इथे नोकरीला येणारी परगावची तरुण मंडळी पुष्कळ. बिऱ्हाड आणण्याइतका पगार नाही किंवा पगार आहे पण बदलीचा भरवसा नाही, अशी ही पोरं दोघं-तिघं-चौघं मिळून खोली घेतात. त्यातल्याच एका खोलीतल्या गुरुजींच्या ओळखीने मी त्यांच्या कराराच्या बैठकीला बसलो. मालकाशी व्हायचा तो करार झाला होता. ही बैठक त्यांची आपसातली होती.

खोली म्हणजे दुकानावरच्या माडीवरच्या दोन खोल्या, मागे ओटा आणि न्हाणी. भाडं महिना सहा हजार, डिपॉझिट वीस हजार. राहणारे चौघे: बँकेतला नांदेडकडचा, खासगी शाळेवरचे गुरुजी जतचे, औषधांच्या दुकानातला करमाळ्याचा आणि चौथा एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात हंगामी, ज्याला सगळे स्लिपबॉय म्हणतात. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, कोणता ट्रॅक्टर कुठल्या फडावर जायचा, याच्या चिठ्ठ्या त्याच्या हातात. इंदापूर तालुक्याला कारखाने भरपूर, भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. त्यामुळे हंगामात अशा पोरांना फोनपासून सुटका नसते. रात्री दोनला ट्रॅक्टरवाला विचारणार, ‘साहेब, खेप कुठं टाकू?’

पहिल्या वर्षी मालकांनी कागद केलाच नव्हता. ‘आपल्या-आपल्यात कशाला कागद?’ हे त्यांचं म्हणणं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. गळ्यात माळ, बोलणं गोड, आणि खोलीत अंडंसुद्धा शिजवायचं नाही ही अट तोंडी पण पक्की. दुसऱ्या वर्षी बँकेतल्याला घरभाड्याच्या सवलतीसाठी कागद हवा होता, म्हणून इंदापूरच्या एजंटाला माडीवर बोलावून अंगठे दिले गेले. कागद नसण्यात मालकाचा फायदा असतो ही समजूत गावोगाव आहे, आणि ती उलटी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्च म्हणाल तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक, म्हणजे या खोलीसाठी फार तर दोनशे रुपये. ग्रामीण भागातली नोंदणी फी पाचशे. एजंटाची मजुरी त्याहून जास्त होते.

गंमत पुढे आहे. अंगठे द्यायच्या दिवशी स्लिपबॉय फडावर होता आणि गुरुजी शाळेच्या सहलीबरोबर. त्यामुळे कागदावर नावं आली दोघांचीच, बँकेतला आणि औषधवाला. इथेच बँकेतल्याच्या लक्षात आलं की आपण चांगलेच अडकलो. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ४३ सांगतं, की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल तर समोरचा त्यातल्या कुणाही एकाकडून सगळंच्या सगळं वसूल करू शकतो. भरणाऱ्याने मग बाकीच्यांकडून वाटा मागावा, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो वाटा सारखा. पण हे सगळं कागदावरच्या नावांपुरतं. उरलेले दोघे उद्या वळकटी उचलून गेले तर अण्णा सहा हजार मागणार ते या दोघांकडे. म्हणून आपसातला करार लिहून काढायचा आग्रह त्याचा होता. नोटरीकडे जाण्याचा विषय कुणी काढला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या स्टॅम्पवर भागणारी बरीच कामं पाचशेवर गेली आहेत, आणि पाचशेत इथे महिन्याचं दूध येतं. गुरुजींनी शाळेची दोनशे पानी वही काढली.

पहिला तास भाड्यावर गेला. सहा हजार भागिले चार, दीड हजार, विषय संपला, असं मला वाटलं होतं. पण आतली खोली आणि बाहेरची खोली सारखी नाही. ओट्याकडे जायची वाट बाहेरच्या खोलीतून. पहाटे चहा टाकणारा, रात्री पाणी प्यायला उठणारा, सगळे बाहेर झोपलेल्यांच्या पायाशी ठेचकाळत जाणार. स्लिपबॉयचा फोन रात्री वाजतो म्हणून तो बाहेरच हवा, आणि गुरुजी त्याच्याबरोबर बाहेर, कारण त्यांची झोप गाढ. चर्चा होऊन आतल्यांनी सतराशे-सतराशे आणि बाहेरच्यांनी तेराशे-तेराशे द्यायचे ठरलं. अकराशेची मागणी झाली होती, ती टिकली नाही.

मग खरा विषय निघाला. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. नंतर स्लिपबॉय गावी. ‘मी इथं नसणार. पाणी वापरणार न्हाई, लाइट जाळणार न्हाई. मग भाडं कशाचं?’ त्याचं बोलणं ऐकायला बिनतोड होतं. बँकेतला म्हणाला, ‘भाऊ, तुझी जागा अडून राहते ना. दुसरं पोरगं घालू द्या म्हटलं तर अण्णा घालू देत नाहीत.’ आवाज चढले. एकजण म्हणाला, ‘मग परत येऊ नको.’ दुसऱ्याने त्याला गप्प केलं. तोडगा काढला करमाळेकराने, ज्याने तोवर मोबाइलमधून डोकं वर काढलं नव्हतं. त्याच्या घरी भावकीतल्या चौघांत सामाईक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या लावलेल्या, मोटारीची दुरुस्ती वाट्याप्रमाणे. तो म्हणाला, ‘आमच्याकडं रान पडीक ठेवलं तरी मोटार जळाली की वर्गणी द्यावीच लागती. नाय दिली तर पाळी गेली. पण लाइटबिल जो पाणी धरतो त्याचं.’

हा हिशेब चौघांनाही एका दमात कळला, कारण चौघेही शेतकऱ्यांचे मुलगे. जागा ही मोटार आणि वीज-पाणी-डबा हे धरलेलं पाणी. स्लिपबॉयने बिनहंगामात जागेचं भाडं द्यायचं, बाकी काही नाही. पण ते पूर्ण की अर्धं? तो नसताना त्याची जागा बाकीच्यांना पसरायला मिळते, म्हणून अर्धं, साडेसहाशे. उरलेले साडेसहाशे तिघांनी उचलायचे. साडेसहाशेला तीनने भाग जात नाही. दोनशे वीस, दोनशे वीस आणि गुरुजींचे दोनशे दहा, कारण त्यांचा पगार कमी आणि तोही तीन-तीन महिन्यांनी होतो. हे कारण वहीत लिहिलेलं नाही. आकडा लिहिलाय.

मला या दहा रुपयांचं अप्रूप वाटलं. करार गप्प असला की कायदा सारखा वाटा धरतो, आणि या वहीची पानं भरली आहेत ती वाटे सारखे का नसावेत याच्या तपशिलांनी.

खोली वाटून राहणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण राहत ते गिरणीच्या पाळ्यांच्या जिवावर. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकायचा. सामान म्हणजे ट्रंक आणि वळकटी, जेवण खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर. याच खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खोलीतली माणसं बहुधा एकाच गावची किंवा पंचक्रोशीतली. त्यामुळे कुणी पैसे बुडवले तर गोष्ट गावी त्याच्या बापाच्या कानावर जायची, वेगळा कागद लागायचा नाही. गोव्याच्या लोकांनी धोबीतलाव आणि माझगाव भागात गावागावाचे ‘कूड’ काढले, त्यांना मात्र रीतसर नियम होते. सभासद त्याच गावचा हवा, वर्गणी वेळेवर हवी, दारू नको आणि संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला हजर राहायचं. जहाजावर नोकरीला गेलेला खलाशी महिनोन्‌महिने परतायचा नाही, तरी त्याची पेटी कूडमध्ये राहायची आणि सभासदत्व तुटायचं नाही. स्लिपबॉयचा प्रश्न त्यांनी असा कधीच सोडवला होता.

आता पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात. प्रत्येकजण आपल्या कॉटचे पैसे थेट मालकाला देतो. शेजारच्या कॉटवरचा गेला काय, आला काय, याला देणंघेणं नाही. व्यवहार म्हणून ते सुटसुटीत आहे. पण तिथे वर्ष काढूनही शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसलेली पोरं मी पाहिली आहेत. निमगावच्या माडीवर भांडायला तरी एकमेकांची माहिती लागते.

विजेचं कलम लवकर मिटलं. मीटर अण्णांचा, माडीला सबमीटर. घरगुती दर शंभर युनिटांनंतर चढतो, तीनशेनंतर आणखी चढतो. पोरांची इस्त्री आणि गिझर खालच्या घराचं बिलही वरच्या टप्प्यात ढकलतात, म्हणून अण्णा सरसकट युनिटला दहा रुपये लावतात. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नाही. आपसात चारने भागायचं, हंगाम सोडून तीनने. फक्त कूलरचं ठरेना. कूलर बँकेतल्याचा, वारा आतल्या दोघांना, आवाज चौघांना.

डब्याचा आणि दुधाचा हिशेब भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर. दुधाचा खाडा असेल त्या तारखेवर फुली. डब्याचा खाडा आदल्या रात्री नऊच्या आत डबेवाल्या काकींना कळवायचा, नाहीतर डबा धरला जातो. कुणाचा डबा उरला आणि दुसऱ्याने खाल्ला तर पैसे ज्याचा डबा त्याचेच, ही ओळ वहीत आहे आणि तिच्यामागे एक भांडण आहे. पिण्याच्या पाण्याचा जार संपवेल त्याने दुसरा आणायचा, ही ओळ मात्र कुचकामी ठरली. जारच्या तळाशी पेलाभर पाणी राखून ठेवायची कला चौघांनाही साधली आहे. फोनपेने देणं-घेणं क्षणात मिटतं हे खरं, पण फोनपे कुणी किती पाणी प्यायलं ते सांगत नाही.

पाहुण्यांचं कलम आधीच्या आषाढात घडलं होतं. तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामी असते. त्या रात्री गावात ओसरी, शाळा, गोठा, जिथे पाठ टेकता येईल ते वारकऱ्यांचं. अण्णांनी दुपारीच वर येऊन सांगितलं, ‘पोरांनो, रात्री दिंडीतली पंधरा माणसं येत्याल, तुम्ही गच्चीत झोपा.’ स्लिपबॉयची जागा तेव्हा रिकामीच होती. पोरं गच्चीवर गेली, पावसाने भिजली, पहाटे न्हाणीपुढे बादल्यांची रांग बघून दोघे विहिरीवर आंघोळीला गेले. कुणी तक्रार केली नाही. पण त्यानंतर एकाचा मामेभाऊ भरतीच्या तयारीसाठी म्हणून आला आणि महिनाभर हलला नाही, तेव्हा तक्रार झाली. आता नियम असा: पाहुणा तीन रात्री फुकट, चौथ्या रात्रीपासून पन्नास रुपये सामाईक डब्यात. पालखीचे वारकरी पाहुण्यांत धरायचे नाहीत. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी स्वतःहून घातलं.

मे महिन्यात बँकेतल्याची बदली निघाली आणि वहीची परीक्षा झाली. वहीतला नियम असा: स्वतःच्या मर्जीने जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं आणि बदली माणूस आणून द्यायचा. नोकरीच्या हुकमाने जाणाऱ्याने पंधरा दिवसांचं भाडं ठेवून जायचं, माणूस बाकीच्यांनी शोधायचा. डिपॉझिटमधले त्याचे पाच हजार अण्णांकडून मागायचे नाहीत. नवा येईल तो जाणाऱ्याला देईल, अण्णांच्या हातातले वीस हजार हलणार नाहीत. इथवर सगळं सुरळीत. पण नोंदलेल्या करारावर सप्टेंबरपर्यंत नाव याचंच राहणार. तो राहणार लातूरला आणि निमगावात भाडं थकलं तर कागद त्याच्याकडे बोट दाखवणार. म्हणून त्याने वहीत आणखी एक ओळ मागितली, की त्याच्या मागे थकलेल्या भाड्याला तिघे जबाबदार. गुरुजींनी लिहिली आणि सही केली. स्लिपबॉय गावी होता, त्याने वहीच्या पानाचा फोटो मागवून, त्याखाली ‘मान्य’ लिहून परत पाठवला. औषधवाल्याने सही करायला दोन दिवस लावले. कागदावर उरलेलं दुसरं नाव त्याचंच होतं.

कूलर मात्र बँकेतला घेऊन गेला नाही, तिघांना हजारात विकून गेला. जागा अजून भरायची आहे. गुरुजींचं स्टेटस आठवडाभर तेच आहे: ‘निमगाव केतकी, रोडटच, आतली खोली. भाडं १७०० + लाइट. डिपॉझिट ५०००. कूलर आहे. मालक माळकरी, तेवढं लक्षात ठेवून फोन करावा. झोप गाढ असल्यास प्राधान्य.’