दिवा आपला, डोळे समोरच्याचे

आंबा घाटातील एखाद्या वळणावर समोरून पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर येतो आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. चालकाला वाटते, समोरच्याने हाय बीम लावला आहे. पुष्कळदा तो लो बीमच असतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसवलेला असतो, एवढेच. त्या अंध क्षणात कडेने चालणारा वाटसरू किंवा पहाटे विहारास निघालेले साधू-साध्वी चालकाला दिसत नाहीत.

एलईडीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. हॅलोजनचा लो बीम साधारण ५५ वॅट वीज घेतो. एलईडी त्याहून बऱ्याच कमी विजेत उजळतो. दुकानात खोक्यावरील लुमेनचा आकडा कौतुकाने दाखवला जातो. झोत नेमका कोठे पडेल, हे मात्र तो आकडा सांगत नाही.

दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. एच-४ या प्रचलित हॅलोजन बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. वर उसळू पाहणारा उजेड ती अडवते आणि परावर्तक उरलेला उजेड रस्त्यावर अंथरतो. एलईडीचे चपटे तुकडे त्या तारेच्या जागेपासून किंचित जरी सरकले, तरी सारी आखणी बिघडते आणि उजेड समोरच्याच्या काचेवर चढतो. शिवाय एलईडीची उष्णता मागच्या बाजूस साठते. तेथील पंख्याला जागा हवी म्हणून रबरी झाकण काढून ठेवले, तर पावसाळ्यात दिव्यात पाणी शिरते.

मागचे दिवे त्या मानाने सोपे. नंबरप्लेटचा दिवा निर्धास्त बदलावा. ब्रेकच्या लाल काचेमागे मात्र लाल एलईडीच हवा. पांढऱ्या एलईडीत लाल अंश कमी असल्याने काच फिकट दिसते. इंडिकेटरला पिवळा हवा. तो बसवल्यावर अनेक मोटारींत इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो, कारण वीज कमी खेचली गेल्याने यंत्रणेला बल्ब गेल्यासारखे वाटते. यावर रेझिस्टर जोडतात. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिकला किंवा वायरींना टेकवू नये.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून पुढच्या दिव्यांबाबत आधी उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात विचारणे श्रेयस्कर. कित्येकदा उणीव बल्बची नसतेच. वर्षानुवर्षांच्या उन्हाने दिव्याची काच पिवळी पडलेली असते. ती घासून पॉलिश करून घेतली, तरी जुनाच हॅलोजन पुन्हा खुलतो.

बल्ब बदलण्यापूर्वी सपाट जागी मोटार भिंतीसमोर उभी करून लो बीमची वरची कड खडूने आखावी. नवा बल्ब बसवल्यावर कड त्याच रेषेवर, तितकीच रेखीव दिसली पाहिजे. नंतर घरातील एखाद्याला पंचवीस-तीस पावलांवर, दुचाकीस्वाराच्या उंचीवर डोळे येतील असे बसवावे. त्याने हात डोळ्यांवर आडवा धरला, तर नवे बल्ब त्याच संध्याकाळी उतरवावेत. त्यासाठी जुने हॅलोजन काचेला बोट न लावता कापडात गुंडाळून डिकीत ठेवलेले असावेत.