तांबं वाचलं, जहाज अडलं

१७६३ साली ब्रिटिश आरमाराच्या गोदीत ‘अलार्म’ या फ्रिगेटची तपासणी झाली. वेस्ट इंडीजच्या कोमट समुद्रातून ते जहाज परतलं होतं. लाकूड पोखरणारे किडे आणि बुडाला चिकटणारे शंखशिंपले यांच्यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये त्याच्या बुडावर तांब्याचे पत्रे ठोकले होते. पत्रे उत्तम टिकले. ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे मात्र कुजल्यासारखे झाले होते, आणि त्यापायी पत्रे जागोजाग सुटले होते. तरी काही खिळे शाबूत निघाले. गोदीतल्या माणसांनी त्याचं कारण शोधून काढलं. पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि काही ठिकाणी तो कागद काढायचा राहिला होता. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये कागद होता, तिथला खिळा वाचला. अहवालाचा निष्कर्ष असा, की समुद्राच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना भिडू देऊ नयेत.

जहाजांच्या बुडांचा मला जुना नाद आहे आणि त्या नादात हाती लागलेल्या कागदपत्रांत हा अहवाल माझा सर्वांत लाडका. व्होल्टाचा विद्युतघट यायला तेव्हा ३७ वर्षं होती. अभिक्रियाशीलतेची श्रेणी कुणी मांडलेली नव्हती. लोखंड तांब्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं, म्हणून खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीत तेच आधी झिजतं, हे आज शाळकरी मूल सांगेल. गोदीतल्या सुतार-लोहारांनी ते निव्वळ डोळ्यांनी टिपलं. आजही पोलादी बुडावर तांबेयुक्त रंग थेट लावत नाहीत; मध्ये दुसऱ्या रंगाचा थर देतात. त्या कागदाचं काम आता तो थर करतो.

पुढची पन्नास वर्षं भराभर ओलांडू. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सगळ्या ताफ्याला तांबं चढलं. लोखंडी बोल्टांनी त्रास दिला, तेव्हा त्यांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले. तांब्याच्या बुडाचं जहाज स्वच्छ राही, वेगात चाले. मुंबईत जमशेदजी बमनजी वाडियांनी बांधलेली जहाजंही याच रिवाजातली. तांबं मात्र विलायतेहून यायचं. मुंबईत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’साठी निघालेलं तांबं ‘जावा’ या फ्रिगेटवर होतं. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ जिंकलं आणि मग जाळून टाकलं. ‘कॉर्नवॉलिस’ तरीही मे १८१३ मध्ये पाण्यात उतरलं.

तांब्याचं दुखणं एकच होतं: ते झिजायचं. महागडे पत्रे काही वर्षांत पातळ व्हायचे आणि त्यांना भोकं पडायची. पुरवठादार भेसळीचं तांबं देतात, असा संशय होता. १८२३ मध्ये आरमाराने रॉयल सोसायटीला सल्ला विचारला. सोसायटीचे अध्यक्ष होते सर हम्फ्री डेव्ही. अभिक्रियाशीलतेच्या श्रेणीत अगदी वर बसणारे पोटॅशियम आणि सोडियम १८०७ मध्ये विजेच्या जोरावर प्रथम मोकळे करणारा हाच माणूस. त्याला हा प्रश्न हातचा मळ वाटला असल्यास नवल नाही.

२२ जानेवारी १८२४ रोजी त्याचा निबंध सोसायटीत वाचला गेला. दोष भेसळीचा नाही, असं त्याचं म्हणणं. खाऱ्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे शुद्ध तांबंही हिरवे क्षार होऊन निघून जातं. त्याला जस्त किंवा लोखंड जोडलं, की झिजायचं काम ते अधिक क्रियाशील धातू पत्करतात आणि तांबं जसंच्या तसं राहतं. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरतो, हा त्याच्या प्रयोगांचा दाखला. त्याने पेटंट घेतलं नाही; शोध देशाला फुकट दिला.

जहाजांवर जस्ताचे किंवा लोखंडाचे असे तुकडे, म्हणजे ‘रक्षक’, बसू लागले. ‘समरांग’ हे कोचीनला बांधलेलं सागवानी जहाज. त्याला तांबंही १८२१ मध्ये हिंदुस्थानातच चढलेलं. १८२४ च्या वसंतात ते पोर्ट्‌समथच्या गोदीत आलं, तेव्हा त्याला लोखंडाचे चार ठोकळे लावले, पुढे दोन आणि मागे दोन. त्यांचं क्षेत्रफळ तांब्याच्या सुमारे १/८०. नोव्हा स्कोशियाची फेरी करून जानेवारी १८२५ मध्ये ते परतलं आणि वर्तमानपत्रांत बातमी आली, की बूड शेवाळाने आणि बार्नेकलांनी भरून गेलं आहे. डेव्ही भडकला. जहाज गोदीत आल्यावर आपण स्वतः तिथे हजर होतो, असं त्याने छापून सांगितलं. मागच्या रक्षकांभोवती काही फूट गंज आणि त्यावर थोडी वाढ, एवढंच. बाकीचं बूड स्वच्छ होतं. ‘समरांग’पुरतं मी डेव्हीवर विश्वास ठेवतो. वर्तमानपत्रांना हवा होता तो अध्यक्षाचा फजितवडा.

पण इतर जहाजांनी डेव्हीची बाजू घेतली नाही. विशेषतः बंदरात नुसती उभी असलेली. त्यांची बुडं शेवाळ आणि बार्नेकलांनी अशी भरली, की तांबं वाचवून मिळवलेलं वेगात गमवावं लागलं. १८२५ च्या उन्हाळ्यात अशा जहाजांवरचे रक्षक काढायचा हुकूम निघाला आणि १८२८ पर्यंत सगळी योजनाच गुंडाळली गेली. लोकांसाठी झटावं आणि बदल्यात शिव्या खाव्यात, अशी खंत डेव्हीने आपल्या मित्राला, जॉन चिल्ड्रनला, पत्रातून कळवली. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी अध्यक्षपद सुटलं, २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. चरित्रकार हे प्रकरण त्याच्या उतरणीचा भाग म्हणून चटकन उरकतात. मला ते त्याच्या सर्वांत अचूक कामांपैकी एक वाटतं, आणि म्हणूनच त्याचं अपयश विचार करण्याजोगं.

झालं असं. जस्त झिजताना सुटणारे इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातात. तिथे पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो आणि हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे तांब्यालगतचं पाणी आम्लारिधर्मी बनतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतंच. ते या आम्लारिधर्मी थरात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि चुन्याचा कार्बोनेट होऊन पत्र्यावर बसतात. जीवांना बूड धरायला खडबडीत जागा मिळते. रक्षक मोठा असला, की असा पांढरा लेप धरतो, हे खुद्द डेव्हीने नोंदवलं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तांबं झिजताना जे आयन पाण्यात सोडायचं ते बार्नेकलांच्या पिल्लांना विषारी होते. झीज थांबली, विष थांबलं. आरमार ज्याला नुकसान म्हणत होतं, तोच तांब्याचा खरा उपयोग होता. डेव्हीने नंतर रक्षक लहान करून तांबं थोडंसं झिजू द्यायची वाट शोधली. पण बंदरात स्थिर उभं जहाज आणि भर समुद्रात धावणारं जहाज यांना एकच प्रमाण लागू पडेना.

त्याची युक्ती तांब्यासाठी मेली. लोखंड आणि पोलादासाठी मात्र जगली. जमिनीखालच्या पाइपलाइनींना मॅग्नेशियम जोडतात, पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात आणि झिजले की गोदीत बदलतात. त्याच बुडावर बाहेरून जो रंग देतात, त्यात बहुधा क्युप्रस ऑक्साइड असतं आणि ते मुद्दाम हळूहळू पाण्यात विरघळू देतात. पोलाद राखायचं काम एका धातूचं, जीवांना दूर ठेवायचं काम दुसऱ्याचं. १८२४ मध्ये स्वतः टिकायचं आणि जीवांना दूर ठेवायचं, ही दोन्ही कामं एकट्या तांब्याच्या गळ्यात होती आणि त्यातलं एक दुसऱ्याच्या मुळावर येणारच होतं. आरमाराने विचारलं होतं की झीज कशी थांबेल, आणि डेव्हीने त्याचं बिनचूक उत्तर दिलं. पण अलार्मपासून तांबं चढवण्याचं कारण किडे आणि शंखशिंपले बुडापासून दूर ठेवणं हे होतं, पत्र्याचं वजन राखणं नव्हे. तांबं नेमकं कशासाठी, हा प्रश्न डेव्हीने उलटून आरमाराला विचारायला हवा होता, कारण तेव्हाच्या इंग्लंडात तो विचारण्याइतकं रसायनशास्त्र त्याच्याहून अधिक कुणाकडे नव्हतं.